हरकीचं मूळ : खानापूरकडच्या रानात अजून कुणाला दिसतं का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण हे सगळं एकदा लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रस्ता सोडून आत. मी नोकरीमुळे बेळगावात, टिळकवाडीत राहतो. यंदा मे महिन्यात घर शाकारायला गावी गेलो, तेव्हा माळ्यावर आजीची सहाण सापडली. मधोमध इतकी झिजलेली की पाण्याचा घोट तिच्यात राहावा. शेजारी चुन्याची जुनी डबी, तिच्यात फडक्यात बांधलेले मुळाचे तीन तुकडे. बोटभर लांब, वाकडेतिकडे, मातकट रंगाचे, सालीवर उभ्या चिरा. एक मोडला तर कट्कन मोडला. आतून फिकट पिवळसर. जिभेला नुसता टेकवला, तर रात्रीच्या जेवणापर्यंत तोंड कडू राहिलं.

आजी त्याला हरकी म्हणायची. पुस्तकातलं नाव सर्पगंधा.

आजी काही वैदू नव्हती. बाळंतीण, तान्ही पोरं, जनावराचा पोटफुगा एवढ्यापुरतं तिला लोक बोलवायचे. कानडी बोलणारे शेजारी तिला नाटी, म्हणजे गावठी, औषधवाली म्हणायचे. पण हरकीसाठी चार गावांतून माणसं यायची, आणि ती बहुतेकांना परत पाठवायची. लहानपणी मला याचं फार कोडं वाटायचं.

दोन प्रसंग मला लख्ख आठवतात. आमच्या वाड्यातले एक काका होते. शेतीच्या वादात त्यांचं डोकं फिरलं. रात्र रात्र जागायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे, घरच्यांवर धावून जायचे. आजी रोज दिवेलागणीला सहाण घेऊन त्यांच्याकडे जायची. सहाणेवर दूध टाकून मूळ फिरवायची आणि वेढे मोजायची. पहिल्या दिवशी दोनच वेढे. मग तीन. बाळगुटीसारखंच, पण गुटीपेक्षा कितीतरी जपून. देण्याआधी काकांची नाडी धरून बसायची आणि विचारायची, "नाक चोंदलंय काय?" चोंदलं असेल तर त्या दिवशी मूळ नाही. तीन आठवड्यांत काका रात्री झोपायला लागले. औषध तिनं स्वतःहून थांबवलं.

दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. एका बाईला तिच्या भावानं आणलं होतं. मूल गेल्यापासून तिलाही झोप नव्हती. ती बोलत नव्हती, जेवत नव्हती, भिंतीकडे तोंड करून बसायची. भाऊ पाया पडला, तरी आजीनं हरकी दिली नाही. त्या बाईला आठ दिवस आमच्याच घरी ठेवून घेतलं, स्वतःच्या ताटात जेवायला घातलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पेटलेल्याला द्यायचं असतंय बाळा. ती विझलीय. तिला हे दिलं तर उरलीसुरली पण जाईल."

ती मूळ काढायला जायची तेव्हा मी बरोबर असायचो. पानं झडल्यावर, थंडीत. त्याआधी पावसात जाऊन झाड हेरून ठेवायचं. फळं काळी होऊन गळली नसतील तर त्या झाडाला हात लावायचा नाही. खणताना सोटमूळ तसंच ठेवायचं, बाजूचं एक मूळ खुरप्यानं कापून घ्यायचं, माती परत दाबायची, वर पालापाचोळा. एका झाडाला एकदा हात लावला की तीन वर्षं तिकडं बघायचं नाही.

या मे महिन्यात मी त्याच जागी गेलो. देवाच्या रानाच्या कडेला, ओहळाच्या वरच्या अंगाला. तिथं खड्डे होते. कोपरभर खोल, ओळीनं. झाडं मुळासकट उपटून नेलेली, पानांचे शेंडे तिथंच फेकलेले, वाळून कोळ झालेले. मी अकरा खड्डे मोजले आणि मग मोजणं थांबवलं.

म्हणून विचारतो. कणकुंबी, पारवाड, हेम्मडगा, लोंढा, इकडं चंदगड, तिलारीच्या बाजूला कुणाला हे झाड अजून दिसतं का? तुमच्या घरात त्याची काय रीत होती? नेमकी जागा मात्र इथं लिहू नका, ही विनंती.

घाटमाथ्यावरचा

दादा, वाचून गलबलून आलं. आमच्यात ह्याला अडकई म्हणतात. मी लहानपणी लई बघितलो हे झाड. गुरं घेऊन जायचो तेव्हा पायात यायचं इतकं होतं. खरं आता चार चार दिवस फिरलो तरी एक दिसत नाही.

आमच्या भागात कसं संपलं ते मी डोळ्यानं बघितलोय. शाळेत होतो तेव्हा बाहेरचा एक माणूस यायचा, जीपमधनं. वाळलेलं मूळ किलोवर घ्यायचा. आमच्यातल्याच बायकापोरांनी खणलं. मी पण खणलो, खोटं कशाला सांगू. पावसाळ्याच्या तोंडावर घरात धान्य नसायचं तेव्हा त्याच पैशावर मीठमिरची आली. तो म्हणायचा साल निघता कामा नये, सालीसकट पाहिजे. का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तीन वर्षं आला. चौथ्या वर्षी आला तेव्हा द्यायला मूळच नव्हतं, मग तो नरक्या नावाच्या दुसऱ्या औषधी झाडाची लाकडं मागायला लागला.

आमच्या आईचं एकच सांगणं असायचं. गरोदर बाईच्या आसपास हे मूळ ठेवायचं नाही. बाळंतपणात वार पडत नसली तर तेवढ्यापुरतं सुईण उगाळून द्यायची, त्याच्याआधी नाही.

वैद्य, शहापूर

मी शहापुरात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. मलप्रभाकाठ, तुमच्या आजींचं "पेटलेल्याला द्यायचं, विझलेल्याला नाही" हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. का ते सांगते.

या मुळात पन्नासहून जास्त अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं, आहेत आणि त्यांचा मोठा भाग मुळाच्या सालीत असतो. जीपवाला साल का मागत होता त्याचं उत्तर हे. १९३१ साली सलीमुझ्झमां सिद्दिकींनी त्यातलं एक वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मिळ आजार ओळखायला काही देशांत आजही ते वापरतात. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर या मुळाचा गुण येतो असं लिहिलं. बिहारकडे तर लोक याला सरळ 'पागल की दवा' म्हणत.

पुढचा टप्पा आपल्या मुंबईतला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना हे मूळ देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्या लेखानंतर जगाचं लक्ष इकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सिबा या औषध कंपनीच्या संशोधकांनी या मुळातलं रिसर्पीन हे द्रव्य वेगळं केलं. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९५७ चा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना मिळाला. आणि इथूनच आपल्या रानावर धाड आली, कारण गोळी जगभर जायला लागली आणि मूळ आपल्याच डोंगरातून निघत होतं.

आता आजींकडे येते. रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्यं रिकामी करतं. त्यामुळे रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, भडकलेलं मन शांत होतं. पण नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून नाक चोंदतं. हा त्या औषधाचा अगदी ठळक दुष्परिणाम आहे. आजी नाक विचारत होत्या म्हणजे औषध अंगात किती भरलंय ते बघत होत्या! आणि दुसरा, जास्त गंभीर परिणाम म्हणजे मन खचणं. १९५० च्या दशकात मोठ्या मात्रेत रिसर्पीन दिलेले काही रुग्ण खोल उदास झाले, तेव्हा डॉक्टरांनी हात आखडता घेतला. आज उदासीनतेचा इतिहास असलेल्या माणसाला हे औषध देत नाहीत. तुमच्या आजींनी त्या बाईला हरकी दिली नाही त्यामागे हेच होतं. त्यांना रसायन माहीत नव्हतं, पण माणूस बघून कळत होतं.

या औषधाचा पूर्ण गुण यायला आठवडे लागतात आणि बंद केल्यावरही तो बरेच दिवस अंगात राहतो. दोन वेढ्यांपासून सुरुवात करण्यात शहाणपण होतं ते यासाठी. कृपा करून इथं मला कुणी मात्रा विचारू नका, मी लिहिणार नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, पोटात व्रण असणाऱ्यांनी, रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असणाऱ्यांनी हे मूळ तोंडात घालू नये. घाटमाथ्यावरचे, वार पाडायची ती रीत जुन्या नोंदींतही आहे, पण आज दवाखान्यात त्यासाठी खात्रीचे उपचार आहेत. ती रीत कुणी पुन्हा सुरू करू नये.

अनगोळकर

आमच्या घरामागं कंपाउंडला असंच एक झाड आलंय. पांढरी बारीक फुलं, आधी लाल आणि मग काळी होणारी फळं. शेजारचे म्हणतात हीच सर्पगंधा. खणून बघू काय?

पानंफुलं

अनगोळकर, थांबा, खणू नका. तुमचं झाड बहुधा तिची बहीण आहे, मोठी सर्पगंधा. ती मूळची अमेरिकेकडची, आता आपल्याकडे पडीक जागी, रस्त्याच्या कडेला, रेल्वेलाइनला कुठंही उगवते. मी चंदगडला शाळेत विज्ञान शिकवतो, मुलांना ओळख पटवताना दोन्ही झाडं शेजारी ठेवतो.

आधी पानं मोजायची. मोठ्या सर्पगंधेच्या एका पेरावर चार पानं असतात आणि ती चारही सारखी नसतात, दोन मोठी तर दोन लहान. आपल्या हरकीच्या पेरावर बहुतेक वेळा तीन पानं, साधारण एकाच मापाची, वरून चकचकीत हिरवी आणि खालून फिकट. मग फुलाकडे बघायचं. हरकीचं फूल पांढरं, त्यावर गुलाबी झाक, नळी लांब आणि मधे जराशी फुगलेली. पण खरी खूण फुलात नाहीच, फुलाच्या देठात आहे. देठ आणि खालचा पेला गडद लाल असतो, कुंकवात बुडवल्यासारखा. पावसाळी अंधारात झाड दिसायच्या आधी तो लाल रंग दिसतो. फळं वाटाण्याएवढी, हिरवी असतात ती पिकून जांभळट काळी होतात. झाड गुडघ्याच्या आसपास राहतं, क्वचित कमरेला लागतं. रानात ते झाडांच्या सावलीत, ओलसर, पालापाचोळ्याच्या मातीत मिळतं, उघड्या कंपाउंडला सहसा नाही.

बाजारात सर्पगंधा म्हणून या मोठ्या बहिणीची मुळं मिसळतात. तिच्यातही अल्कलॉइड्स आहेत, पण प्रमाण वेगळं. पावडर झाल्यावर डोळ्यांनी काही ओळखता येत नाही.

नावांचाही घोळ आहे. आपल्याकडे काही जण हिला मुंगूसवेल म्हणतात, मुंगूस सापाशी भिडण्याआधी हे मूळ चावतं अशी समजूत आहे म्हणून. पण ही वेल नाहीच, झुडूप आहे. कुणी पाताळगारुडी म्हटलं तर दोनदा विचारून घ्या, कारण वासनवेलीलाही तेच नाव आहे आणि ती अगदीच वेगळी वनस्पती.

चिंचेखाली

वैद्यताईंनी गोळ्यांचं लिहिलं म्हणून आमच्या घरात घडलेलं सांगते. माझी मावशी निपाणीजवळ राहते, वय सत्तरीला आलेलं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या बरीच वर्षं चालू. आठवडी बाजारात एकानं तिला पुडी दिली, 'शुद्ध सर्पगंधा, इंग्रजी गोळी सुटेल' असं सांगून. मावशीनं विचार केला की गोळी एकदम कशी सोडायची, म्हणून गोळीही घेत राहिली आणि सकाळ-संध्याकाळ चमचाभर पावडरही. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

पहिले काही दिवस ती खूश होती, छान झोप लागते म्हणायची. मग दिवसाही झोपायला लागली. नाक सारखं बंद, आम्हाला वाटलं सर्दी. दोन आठवड्यांनी पहाटे न्हाणीत उभी राहिली आणि कोसळली. खुबा मोडला. दवाखान्यात नेलं तर नाडी पन्नासच्या खाली आणि दाब लागेनासा. डॉक्टर तीन-तीनदा विचारत होते, दुसरं काही घेतलंय का. ती नाही म्हणत होती, कारण त्यांना राग येईल अशी तिला भीती वाटत होती. पुडी मला तिच्या उशाखाली मिळाली. डॉक्टरांना नेऊन दाखवली, तेव्हा उलगडा झाला.

मावशी आता काठी घेऊन चालते. मूळ वाईट नव्हतं हे मला आज या धाग्यावर कळलं. पण तिची नाडी धरून बसणारं, नाक चोंदलं का विचारणारं कुणी नव्हतं. मी तिच्याकडे रोज फोन करते आणि मलासुद्धा कळलं नाही, हे मला अजून सलतं.

डोंगरदेव

बाकी सगळं ठीक, पण सापाच्या विषावर हे मूळ चालतंच. आमच्या मामांना साप चावला होता, माझ्या जन्माच्या आधी. हेच मूळ पाजलं आणि मामा आज पंचाहत्तरीत ठणठणीत आहेत. इतक्या पिढ्यांनी जे केलं ते काय उगीच?

तालुक्यातली नर्स

डोंगरदेव, तुमच्या मामांना उदंड आयुष्य लाभो. पण मी सरकारी दवाखान्यात पावसाळ्यातल्या रात्रपाळ्या केल्यात, म्हणून कळकळीनं लिहिते.

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही दरवेळी विष सोडतो असं नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात. अशा माणसाला मूळ पाजा, पाणी पाजा, काहीच पाजू नका, तो वाचणारच. मामांना चावलेला साप कुणी ओळखला होता का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन. ते तालुक्याला मिळतं.

मण्यारीचं सांगते, कारण ती सगळ्यात फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, कधीकधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. एकदा असाच विशीतला एक मुलगा आला होता. घरच्यांनी पहाटे तीनला मूळ उगाळून पाजलं आणि उजाडायची वाट बघितली. आमच्याकडे पोचले तेव्हा त्याला डोळे उघडता येत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. आई हाक मारत होती आणि तो बोट हलवत होता. तो वाचला, कारण वाटेत जीपला अडथळा आला नाही आणि पुढं व्हेंटिलेटर मिळाला. पण पहाटे तीन ते सहा हे तीन तास त्या मुळानं खाल्ले होते. शिवाय गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं की ते फुप्फुसात जातं.

कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंश हा कळवणं सक्तीचा असलेला आजार म्हणून जाहीर केला. खाजगी दवाखान्यालासुद्धा नोंद द्यावी लागते. गुपचूप मूळ पाजून वाट बघायचे दिवस संपायला हवेत. मुळाचं नाव सर्पगंधा आहे, त्याची वळणं सापासारखी आहेत, एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

डोंगरदेव

ताई, साप कुणी ओळखला नव्हता. मामांना आत्ताच फोन करून विचारलं. ते म्हणाले, अंधार होता, दिसलाच नाही. मी माझं म्हणणं मागे घेतो. घरात लहान मुलं आहेत, त्यांना हे वाचून दाखवतो.

वाफ्यावरचा

मी तिलारीच्या वरच्या अंगाला चंदगड तालुक्यात राहतो, काजूची बाग आहे. गेली सहा वर्षं हरकी लावायचा प्रयत्न चाललाय, ते सांगतो. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

पहिल्या वर्षी बी टाकलं. मूठभर बियांतून चार रोपं आली. मला वाटलं माझंच चुकलं, पण या झाडाचं बी मुळातच हट्टी आहे. शंभरातलं निम्मंसुद्धा उगवत नाही, आणि बी जुनं झालं की उगवायची ताकद झपाट्यानं जाते. आता असं करतो. फळ काळं झाल्याबरोबर काढायचं, गर चोळून धुवायचा, बी रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी तरंगणारं टाकून द्यायचं, तळाला बसलेलं तेवढंच पेरायचं. पंधरा-वीस दिवसांनी पहिला कोंब दिसतो आणि मग महिनाभर एकेक वर येत राहतं. घाईनं वाफा उकरला तर घात होतो. मी एकदा केला.

मुळाच्या तुकड्यांपासून जास्त रोपं मिळतात. करंगळीएवढ्या जाडीचे, दोन इंचाचे तुकडे, पावसाळ्याच्या तोंडावर, पालापाचोळ्याच्या खतात आडवे पुरायचे. वर एक बोट माती, त्याहून जास्त नको. ओल हवी, पण पाणी साचलं तर कुजतात. म्हणून आमच्याकडच्या पावसात वाफा उंच लागतो आणि वर काजूची सावली.

माझ्याकडे आज चाळीसएक झाडं आहेत. मूळ काढायचं तर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, आणि यातून ऊस-काजूसारखा पैसा होत नाही हे आधीच सांगतो. मी एकदाही मूळ विकलेलं नाही. विकायला निघालो तर 'हे रानातलं नव्हे, बागेतलं' हे सिद्ध करायचे कागद लागतात, आणि ते बरोबरच आहे. १९९० पासून हे झाड साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, परदेशी व्यापारावर नजर असते. रानातलं उपटून बागेतलं म्हणून विकणारेही मी बघितलेत.

मलप्रभाकाठ, पाऊस थोडा ओसरला की या. बारा रोपं तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. पैसे नकोत. पण मला एक हवंय. तुमच्या आजीची सहाण एकदा बघायची आहे.

घाटमाथ्यावरचा

मला पण चार ठेवा की. मी पोरपणी किती उपटलो त्याचा हिशेब नाही. चार तरी परत लावतो.

वैद्य, शहापूर

एक सुचवते. आपल्या बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी आजी, आत्या, सुईण अजून आहे, त्यांनी तिच्यासमोर बसून तिची रीत तिच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या झाडाचं मूळ घेते हे तर विचाराच, पण कुणाला देत नाही आणि कधी थांबवते हे जास्त खोदून विचारा. आपल्या पोथ्यांत द्रव्य आणि मात्रा सापडते. नाक चोंदलं का, हा प्रश्न एका घरात राहतो आणि त्या बाईबरोबर जातो.

आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या मंडळींना आठवण. २०११ पासून ते सगळं, १९० चौरस किलोमीटर, अभयारण्य आहे. तिथलं पानसुद्धा काढायला परवानगी लागते. चांगल्या हेतूनंही तिथून रोप उचलू नका. वाफ्यावरच्यांकडून घ्या.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचेखाली, तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

श्रावणात दोन दिवस सुट्टी काढून गेलो. चंदगडहून बारा रोपं आणली. वाफ्यावरच्यांनी सहाण हातात घेतली, झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की तिनं उजव्या हातानं, घड्याळाच्या उलट वेढे काढले असणार, एका अंगाला जास्त झीज आहे. मी ते कधी बघितलंच नव्हतं.

नऊ रोपं घरामागं फणसाच्या सावलीत लावली. तीन घाटमाथ्यावरच्यांना दिली, चौथं पुढच्या पावसात. काकूला पानं मोजायला शिकवलं. ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला देठाचा लाल रंग दाखवते, पण कशाचं झाड आहे ते सांगत नाही.

निघायच्या आधी त्या खड्ड्यांकडं पुन्हा गेलो. पावसानं ते निम्मे भरलेत. शेवटच्या खड्ड्याच्या कडेला, उपटताना तुटून राहिलेल्या मुळातून बहुतेक, वीतभर झाड वर आलंय. पेराला तीन पानं. दोनच फळं धरलीत, अजून हिरवी आहेत. वर थोडा पाला सारून ठेवला आणि परत आलो. नवरात्रात जाईन तेव्हा काळी झाली का बघून इथं लिहितो.